दिवाळीचा अभ्यास नेमका कुणासाठी?

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शिक्षकांच्या ग्रुपवर तीच ती पीडीएफ फिरायला लागते. 'दिवाळी अभ्यास, इयत्ता चौथी'. वर पणतीचं चित्र, खाली पाढे. मीही ती बरीच वर्षं पुढे पाठवली आहे, झेरॉक्स काढून वाटली आहे. 'सुट्टीत अभ्यास तुटता कामा नये' असं पालकसभेत ठासून सांगितलंही आहे. त्यामुळे आज लिहिते आहे ते आधी स्वतःलाच.

माझी शाळा मराठवाड्यात, कापसाच्या पट्ट्यात. दिवाळीच्या सुमारास इथे वेचणीची घाई असते. तीन वर्षांपूर्वी सुट्टी संपली आणि चौथीतली एक मुलगी दोन दिवस शाळेत आलीच नाही. एरवी तिचा खाडा नसतो. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी गेले. आई म्हणाली, "मॅडम, वही अर्धीच राहिली तिची. मॅडम रागावतील म्हणती, म्हणून येत नाही." मुलगी दाराआड उभी.

मी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रास द्यायलाही मनाई आहे, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मग ही भीती आली कुठून? वहीतूनच आली.

ती वही मी तिथेच चाळली. 'मी दिवाळीची सुट्टी कशी घालवली' या निबंधात ती मामाच्या गावाला गेली होती, भावंडांबरोबर किल्ला केला होता आणि खूप मजा आली होती. सगळं निबंधमालेतून उतरवलेलं, अक्षर मात्र मोत्यासारखं. खरं म्हणजे सणाचे दोन-तीन दिवस सोडले तर ती रोज आईबरोबर रानात होती. बोटांवर बोंडांचे ओरखडे होते. (लेकरानं वेचणीला जावं का, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. तो मी टाळत नाही, पण शुद्धलेखनाची पानं वाढवून तो सुटत नाही.) तिची खरी सुट्टी वहीत लिहिण्यासारखी नाही, असं तिला वाटलं. तसं वाटायला आम्हीच शिकवलं.

घरी येऊन हिशेब मांडला. केंद्राच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास असं म्हटलं आहे. म्हणजे सोळा दिवसांच्या सुट्टीला साधारण साडेचार तास. मी दिलं होतं 15 पानं शुद्धलेखन, 2 ते 20 पाढे पाच वेळा, 50 उदाहरणं आणि तीन निबंध. चौथीच्या मुलाला एका पानाला वीस मिनिटं धरा. नुसत्या शुद्धलेखनालाच पाच तास झाले! आणि खरं सांगू का, तेवढ्या वह्या मी तरी नीट कुठे तपासते? तारीख घालायची, लाल सही करायची, झालं.

शहरातल्या मुलांची तऱ्हा वेगळी. माझा भाचा पुण्यात असतो. त्याला सुट्टीत शिष्यवृत्तीचा जादा क्लास, आणि फराळाला आलेला प्रत्येक पाहुणा चकली मोडता मोडता विचारणार, "काय रे, सहामाहीत किती पडले?" पोरगं बेल वाजली की आतल्या खोलीत जातं. घरचे म्हणतात, हल्ली हा माणूसघाणा झालाय! पालकांनो, पाहुण्यांचं तोंड आपण धरू शकत नाही हे मान्य. पण "ते राहू दे, त्यानं केलेला किल्ला बघा" एवढं तरी आईवडिलांनी म्हणावं.

आमच्या शाळेतले एक ज्येष्ठ सर म्हणतात, सुट्टीत काहीच दिलं नाही तर मुलं वाचायचं विसरतात. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पाढे गंजतात, अडखळत वाचणारं मूल आणखी अडखळतं. अशा चार-पाच मुलांना मी शाळेतली गोष्टीची पुस्तकं घरी देते, रोज एक पान मोठ्यानं वाचा म्हणते. बाकीच्यांची उजळणी सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात वर्गात घेते. तो आठवडा जातो, अभ्यासक्रम थोडा मागे पडतो. ते मी पत्करलं आहे.

वही मात्र दोन वर्षांपासून बंद. पहिल्या दिवशी गोल बसायचं आणि सुट्टीतलं एक काहीतरी सांगायचं, एवढंच. मागच्या वर्षी कुणी शेळी व्याल्याचं सांगितलं, कुणी फटाक्यानं सदरा जळाल्याचं. एका मुलीनं रोज किती किलो कापूस वेचला ते सांगितलं, तेव्हा तिच्या मागे आणखी सहा हात वर आले. एक जण म्हणाला, "मॅडम, मी काहीच केलं नाही, नुसता झोपलो." वर्ग हसला, मीही हसले, आणि पुढच्याला उभं केलं.