सर्वसाधारण सभा की सर्वसाधारण भांडण?

ऑगस्ट-सप्टेंबरचे रविवार आले की शहरांतल्या इमारतींखाली, स्टिल्टमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घेणं सहकारी संस्थांना कायद्याने बंधनकारक आहे, आणि महाराष्ट्रात नुसत्या गृहनिर्माण संस्थाच एक लाखाहून अधिक आहेत. दहाची सभा पावणेअकराला सुरू होते. मागच्या सभेचं इतिवृत्त कुणीही न ऐकता कायम होतं. मग तळमजल्यावरचे लिफ्टच्या खर्चावरून, चौथ्या मजल्यावरचे पाचव्या मजल्याच्या गळक्या बाथरूमवरून आणि सगळेच पार्किंगवरून बोलू लागतात. दीड वाजता पोटात कावळे ओरडायला लागले की अर्थसंकल्प, लेखापरीक्षकाची नेमणूक आणि गच्चीची दुरुस्ती हे लाखोंचे विषय ‘मंजूर, मंजूर’ म्हणत पाच मिनिटांत उरकतात.

याचं खापर आपण माणसांवर फोडतो. ‘आमच्या सोसायटीतले लोकच तसले’ हे वाक्य प्रत्येक सोसायटीत ऐकू येतं, आणि तिथेच त्यातला फोलपणा कळतो. हेच लोक सोमवारी बँकेत, शाळेत, कारखान्यात नीट काम करतात. बिघाड सभेच्या मांडणीत आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: सभेत फक्त ठरवायचं. माहिती देणं, शंका विचारणं, तक्रार नोंदवणं हे सगळं सभेआधी उरकायचं. ते कसं, हे पुढच्या मुद्द्यांत.

१. कशासाठी जमतोय, ते आधी ठरवा

सभेत तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते: माहिती, तक्रार आणि निर्णय. माहिती कागदावर देता येते. तक्रारीसाठी तक्रार वही, सचिवांचा ईमेल आणि समितीची मासिक बैठक आहे. निर्णय मात्र सर्वसाधारण सभेशिवाय होऊ शकत नाही, कारण संस्थेतला सर्वोच्च अधिकार तिच्याकडे आहे. हिशेब आणि लेखापरीक्षण अहवाल स्वीकारणं, पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प, लेखापरीक्षकाची नेमणूक, मोठ्या दुरुस्त्या ही तिची कामं. एका सदनिकेच्या भिंतीतली ओल शंभर जणांसमोर मांडली, तर ती ओल वाळत नाही आणि शंभर जणांचा अर्धा तास मात्र जातो. म्हणून सभेच्या आठवडाभर आधी लेखी प्रश्न मागवावेत आणि त्यांची उत्तरं लेखीच द्यावीत. ज्या प्रश्नातून धोरण ठरणार असेल, तोच सभेत आणावा.

२. ‘चर्चा करणे’ हा विषय नव्हे

‘पार्किंगबाबत चर्चा करणे.’ ‘सुरक्षारक्षकांबाबत विचारविनिमय करणे.’ विषयपत्रिकेवर असं लिहिलं की चर्चा होणार, भरपूर होणार आणि शेवटी तेवढीच उरणार. विषय ठरावाच्या मसुद्याच्या रूपात द्यावा. उदाहरणार्थ: ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग करावे. आलेल्या तीन निविदांचा तुलनात्मक तक्ता सोबत जोडला आहे. समिती दुसऱ्या निविदेची शिफारस करते, कारण हमीचा काळ सर्वांत जास्त आहे. प्रत्येक सदनिकेवर इतका भार, दोन हप्त्यांत.’ समोर मसुदा असला की सभासद त्यावर बोट ठेवून विचारतो: हमी लेखी आहे का? हप्ते तीन का नकोत? आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थांच्या कारभारासाठीच्या नमुना नियमांनुसार, वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. हे चौदा दिवस वाचण्यासाठी आहेत. नोटीस फलकावर लावली आणि हिशेबाची प्रत सभेच्या दारात हातात ठेवली, तर नियम पाळल्यासारखा दिसतो आणि हेतू बुडतो.

३. जे आधीच ठरलंय, त्यावर वाद कशाला?

सोसायट्यांमधली निम्मी भांडणं अशा प्रश्नांवर होतात, ज्यांची उत्तरं उपविधींत छापलेली असतात. लिफ्टचा देखभाल खर्च सर्वांनी सारखा भरायचा, तळमजल्यावरच्यांनीही. सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान. पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. थकबाकीवर व्याज किती, हे सभा ठरवते, पण वर्षाला २१ टक्के सरळव्याज ही कमाल मर्यादा. सदनिका भाड्याने दिली, तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. यातलं काही अन्यायाचं वाटत असेल, तर उपविधी दुरुस्तीचा रीतसर ठराव आणावा, तो मार्ग खुला आहे. पण दर सप्टेंबरला लिफ्टचा तोच खटला नव्याने चालवण्यात अर्थ नाही. आपल्या संस्थेने स्वीकारलेल्या उपविधींतल्या अशा तरतुदींचा एक पानी तक्ता नोटिशीला जोडावा. वादाचे अनेक विषय घरबसल्या निकालात निघतील.

४. जड विषय आधी, हलके विषय समितीकडे

सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७मध्ये एका काल्पनिक समितीचं वर्णन केलं होतं. अणुभट्टीचा कोट्यवधींचा खर्च ही समिती काही मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर मात्र रंगून वाद घालते. कारण सरळ आहे: अणुभट्टी कुणालाच कळत नाही, शेडवर प्रत्येकाला मत असतं. आपल्याकडे गेटच्या रंगावर आणि गणपतीच्या मंडपाच्या जागेवर तास जातो, तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल ‘वेळेअभावी पुढील सभेत’ ढकलला जातो. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी हे ऑडिट करून घ्यायचं, असं उपविधी सांगतात. पिलर बाहेरून रंगवलेला आहे म्हणून आतली सळई गंजायची थांबत नाही.

म्हणून विषयांचा क्रम पैशाच्या आणि जिवाच्या जोखमीप्रमाणे लावावा आणि प्रत्येक विषयापुढे मिनिटं लिहावीत. रंग, कुंड्या, दिव्यांची माळ हे ठरवायला तीन सभासदांची उपसमिती पुरते. आयत्या वेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने येऊ शकतात, पण ज्याला रीतसर नोटीस लागते तो विषय या मागच्या दाराने आणता येत नाही. खर्चाचा ठराव शेवटच्या पाच मिनिटांत असा पुढे आला, तर अध्यक्षांनी तो तिथेच थांबवावा.

५. अध्यक्षांनी उत्तरं देऊ नयेत

आपल्या सभांमध्ये अध्यक्षच बहुतेक वेळा आरोपीच्या पिंजऱ्यात असतात. प्रश्न त्यांना, उत्तर त्यांचं, राग त्यांच्यावर, आणि सभेला शिस्त लावायची तीही त्यांनीच. ही दोन कामं वेगळी करावीत. हिशेबाचा विषय खजिनदार मांडतील, दुरुस्तीचा सचिव मांडतील, अध्यक्ष फक्त सभा चालवतील.

हेन्री मार्टिन रॉबर्ट या अमेरिकी लष्करातल्या अभियंत्यावर १८६३च्या सुमारास न्यू बेडफर्ड गावात चर्चची एक सभा चालवण्याची वेळ आली. सभा कशी चालवतात हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ती हाताबाहेर गेली. त्यानंतर त्याने हा विषय धसास लावला आणि १८७६मध्ये सभासंचालनाच्या नियमांचं जे पुस्तक काढलं, ते आजही जगभर वापरात आहे. त्यातलं सोसायटीला पुरेल इतकं सार असं: एका वेळी एकच विषय, एका वेळी एकच वक्ता, बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. शेजाऱ्याकडे वळून ‘तुम्ही आधी तुमची गाडी काढा’ म्हणायचं नाही. याला आणखी दोन नियम जोडावेत: प्रत्येकाला दोन मिनिटं, आणि ज्यांना बोलायचंय त्या सगळ्यांचं बोलून होईपर्यंत कुणालाही दुसरी संधी नाही.

६. ‘सर्वानुमते’ लिहिण्याआधी हात मोजा

माईक नेहमीच्या चार-पाच जणांच्या हातात फिरतो. नवे सभासद, वयस्कर मंडळी आणि मागच्या रांगेत बसलेल्या बायका गप्प असतात, आणि ही शांतता संमती म्हणून नोंदली जाते. अनेक घरं पत्नीच्या नावावर आहेत, तरी बोलायला उभे राहतात ते नवरेच. खरं तर उपविधींनुसार सर्वसाधारण सभेत प्रॉक्सी किंवा मुखत्यार चालत नाही, सभासदाने स्वतः यायचं असतं. मतदानापूर्वी अध्यक्षांनी मुद्दाम विचारावं, ‘अजून न बोललेल्यांपैकी कुणाला काही सांगायचंय का?’ मग हात वर करायला सांगून बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, हे आकडे नोंदवावेत. विरोधात पडलेली नऊ मतं कागदावर आली, की त्या नऊ जणांचाही निर्णयावर थोडा विश्वास बसतो. आपलं म्हणणं हरलं, पण गाडलं गेलं नाही, एवढं त्यांना पुरतं.

७. वीस जण दोनशे घरांचं ठरवतात

वार्षिक सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी ती. म्हणजे दोनशे सदनिकांच्या संस्थेत वीस जण पुरे. अर्ध्या तासात तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. कायद्याने गैरहजेरीला इतकी मोकळीक दिल्यावर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकरा वाजता ‘आम्हाला विचारलं कुठे?’ असं लिहिण्याला फार वजन उरत नाही. पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाने विशेष सभेला दोन तृतीयांश उपस्थितीची अट घातली. घर पाडायचं वीस जणांनी ठरवू नये, हे सरकारलाही कळलं.

ज्या समितीला प्रश्न नको असतात, तिला ओस सभा सोयीची वाटते. जिला माणसं हवी असतात, ती जोडसुट्टी आणि गणपतीचे दिवस टाळते आणि सभा कधी संपणार, तेही नोटिशीत लिहिते. बाराला संपणार अशी खात्री असेल, तर लोक दहाला येतात. समिती ऐकतच नसेल, तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यावर महिनाभरात विशेष सभा बोलवावी लागते. ग्रुपवरच्या पाचशे मेसेजेसपेक्षा या सह्यांना जास्त धार आहे.

८. इतिवृत्तात नाव, तारीख, रक्कम

‘सभासदांनी विविध सूचना मांडल्या. त्यांची नोंद घेण्यात आली.’ या वाक्यात वर्षभराची निष्क्रियता मावते. इतिवृत्तात भाषणं नकोत. ठराव काय, सूचक-अनुमोदक कोण, मतं किती, काम कुणाकडे, किती रकमेपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं हवं. प्रत्येक विषय संपताच सचिवांनी ठराव मोठ्याने वाचावा. ‘असं ठरलंच नव्हतं’ हा पुढच्या वर्षीचा वाद तिथेच मिटतो. आठवड्याभरात मसुदा सगळ्यांना पाठवावा. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तीन रकाने वाचून दाखवावेत: झालं, झालं नाही, का झालं नाही.

९. मन मोकळं करायचं कुठे?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वर्षातून एकदाच सगळी घरं एकत्र येतात. तिथेही घड्याळ लावलं, तर माणसांनी बोलायचं कुठे? त्यासाठी वर्षातून दोनदा, संध्याकाळी, चहासोबत खुली बैठक ठेवावी. विषयपत्रिका नाही, ठराव नाही, मतदान नाही, समितीने फक्त ऐकायचं. राग तिथे निघाला की तो अर्थसंकल्पावर निघत नाही.

१०. बिघडलेल्या सभेची किंमत

वाया गेलेला रविवार हे नुकसान लहान आहे. मोठं नुकसान पुढे होतं. समितीचं काम बिनपगारी आहे. वर्षभर प्लंबरच्या मागे धावायचं आणि सभेत सर्वांसमोर चोर ठरायचं, हे एकदा अनुभवलेला शहाणा माणूस पुन्हा अर्ज भरत नाही. मग जागा रिकाम्या राहतात, समिती बनत नाही आणि उपनिबंधक कार्यालय प्रशासक नेमतं. आपल्या गच्चीचं, पाण्याचं, पैशांचं ठरवायला बाहेरचा माणूस येतो आणि त्याचं मानधनही आपल्याच निधीतून जातं.

त्यामुळे येत्या वार्षिक सभेसाठी कुणीही एका सभासदाने, समितीत असो वा नसो, एक ठराव आजच सचिवांकडे लेखी द्यावा: विषय मसुद्यासह यावेत, प्रत्येकाला दोन मिनिटं मिळावीत, मतं मोजून नोंदवावीत, इतिवृत्ताचा मसुदा सात दिवसांत मिळावा आणि सभा दोन तासांत संपावी. नोटीस निघण्याआधी दिला, तर तो विषयपत्रिकेवर घेता येईल. आणि तो पहिल्या विषयांत घ्यावा, म्हणजे त्या सभेपासूनच लागू होईल.