फोटो तुमचा, पण चेहरा कुणाचा?

तुमचं इन्स्टाग्राम अकाउंट प्रायव्हेट आहे. अनोळखी लोकांच्या रिक्वेस्ट तुम्ही घेत नाही. म्हणजे प्रश्न मिटला?

नाही मिटला. कारण तुमच्या मित्राचं अकाउंट पब्लिक आहे. राजगडच्या ट्रेकचा ग्रुप फोटो तो टाकतो, तुम्हाला टॅग करतो, वर लोकेशनही देतो. तुम्ही दाराला कुलूप लावलंत, खिडकी मात्र त्याने सताड उघडी ठेवली.

त्याच्या मनात वाईट काहीच नसतं. पण ग्रुपमधल्या एखाद्या मुलीच्या मागे कुणीतरी लागलेलं असतं. तिने त्याला ब्लॉक केलेलं असतं, स्वतःचे फोटो टाकणंही बंद केलेलं असतं. आणि आपण ढोलपथकाच्या सरावाची स्टोरी रोज संध्याकाळी तिथूनच टाकतो. मैदान कोणतं, वेळ काय, ती कुणासोबत घरी जाते, सगळं त्याला घरबसल्या कळतं. गळ्यातलं आयकार्ड कॉलेजचं नावही सांगून टाकतं.

प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. तो हक्क आपण सरकारकडे, कंपन्यांकडे हक्काने मागतो. मग शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला तो द्यायला काय हरकत आहे?

'सेटिंग बदल की!' असं तिला सांगणं सोपं आहे. टॅग आधी तपासून मंजूर करण्याची सोय इन्स्टाग्रामवर आहे, ती जरूर वापरा. पण त्याने फोटो फक्त तिच्या प्रोफाइलवर दिसायचा थांबतो. तुमच्या प्रोफाइलवर तो तसाच राहतो. तो काढणं तुमच्याच हातात असतं.

'दरवेळी विचारत बसलो तर मजाच जाईल,' असं कुणी म्हणेल. अहो, ग्रुपवर 'हा टाकू का?' एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो? लोकेशन घरी पोचल्यावर टाका. लहान भावंडांचे शाळेच्या गणवेशातले फोटो पब्लिक ठेवू नका. आणि कुणी 'माझा फोटो काढ' म्हटलं, तर कारण न विचारता काढा. कारण सांगायची सक्ती केली, तर प्रायव्हसी उरलीच कुठे?

आता जरा तुमचं प्रोफाइल उघडा. शेवटचा ग्रुप फोटो बघा. त्यातल्या किती जणांना विचारलं होतं?