फॉर्मचा दुसरा भाग

मैत्रिणींनो, आमच्या मांडव्याची एखादी लेक लाँचने मुंबईला जाऊन बाळंत झाली, की बाळाची नोंद तिथेच होते. १९६९ चा कायदाच तसा आहे: जन्म जिथे, नोंद तिथे, २१ दिवसांत. मग आमच्या गावच्या आकड्यांत ते बाळ येणार कसे? त्यासाठी फॉर्मचा दुसरा भाग असतो. आईचे राहते गाव, शिक्षण, लग्नाच्या वेळचे वय, बाळाचे वजन. हे दाखल्यावर छापून येत नाही, आकडेवारीसाठी वर जाते. म्हणूनच घरची मंडळी काहीबाही सांगून मोकळी होतात! आईच्या गावाऐवजी मुंबईच्या मावशीचा पत्ता दिला, की बाळ मुंबईचे.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. शेजारच्या सुनेचे बाळ घरीच जन्मले, दोन तास जगले. "आता कसली नोंद?" सासूबाई म्हणाल्या. अहो, त्याच्या तर दोन नोंदी हव्यात, जन्माची आणि मृत्यूची. हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत किती बाळे गेली, तो दर अहवालात निघतो. हे बाळ गाळले, की कागदावर सगळे छानच दिसणार.

अठराव्या दिवशी तिच्या नवऱ्याला घेऊन मी ग्रामपंचायतीत गेले. आईचे शिक्षण विचारल्यावर गडी गप्प.

"दहावी पास," मी म्हटले. "माझ्याच वर्गात होती."