ओता आणखी एक डंपर!

रायडिंग क्लबवाल्यांचा पैसा दिसेल तिथेच लागतो. फाटकावर पितळी घोड्याचं मुंडकं, पालकांसाठी कॅफे, ड्रोनने टिपलेली जाहिरात, सगळं झकपक. आणि जनावराला जिथे रोज राबायचं ती जमीन? तिथे एक डंपर वाळू. पावसाळ्यानंतर खड्डे पडले की आणखी एक. मग फलक झळकतो, ‘नूतनीकृत एरिना’.

पुण्याजवळच्या ज्या क्लबात मी जातो, तिथल्या रिंगणात परवा स्टीलची पट्टी खुपसून पाहिली. कठड्यालगत नवशिकी पोरं दिवसभर एकामागे एक फिरतात. तिथे जेमतेम २ सेंटिमीटर वाळू, खाली ठणठणीत मुरूम. मधोमध १५ सेंटिमीटरची अख्खी पट्टी बुडाली तरी तळ लागेना. म्हणजे एकाच फेरीत घोडा डांबरी रस्त्यावरून चौपाटीवर आणि चौपाटीवरून पुन्हा रस्त्यावर. मालकांना दाखवलं, तर म्हणाले, “सर, मऊ आहे ना? पोरं पडली तर लागायला नको.”

पडणाऱ्या पोराची काळजी केलीत, उपकार झाले. पण चार-पाचशे किलोचं जनावर त्या रेताडातून पाय उपसत दुडकतं, त्याचा ताण पायाच्या नळीमागच्या टेंडनवर येतो. तो दुखावला की घोडा कित्येक महिने बसून, आणि भरून आला तरी पूर्वीसारखा होत नाही. कडक जमिनीवर हादरा खुरातून सांध्यांत जातो. सर्वांत वाईट ती धरसोड, कारण पुढचं पाऊल कशावर पडणार हे घोड्याला कळतच नाही. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने २०१४ मध्ये याच विषयावर सविस्तर अहवाल काढला. टणकपणा, धक्का शोषणं, उसळी, पकड हे तर हवंच. शिवाय ते रिंगणभर सारखं आणि रोज सारखं हवं. अहवाल फुकट वाचायला मिळतो. वाचतो कोण?

मुळात वाळू हे शेवटचं काम. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काही टाकलं की ते गिळलंच म्हणून समजा. ती काढा, सोलिंग करा, खडी आणि मुरूम टाकून रोलर फिरवा. उतार द्या: २० मीटर रुंदीला १ टक्का म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत फक्त २० सेंटिमीटर. डोळ्यांना दिसतही नाही, पण पाणी वाहून जातं. तळ आणि वाळू यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड. मग वाळू, तीही कुठलीही नव्हे. नदीच्या वाळूचे गोल कण खुराखाली घरंगळतात. क्रश सँडचे कण टोकदार, एकमेकांत अडकतात. पण न धुतलेल्या मालात दगडाची भुकटी इतकी की सुकला तर धुरळा घोड्याच्या आणि मोतद्दाराच्या छातीत, भिजून वाळला तर फरशी. म्हणून धुतलेली घ्या, ५-६ सेंटिमीटरच पसरा, कमी वाटली तर थोडी थोडी वाढवा. जास्त झालेली उपसायला कुणी येत नाही.

“एवढं परवडत नाही हो.” लंगडा घोडा परवडतो? तो काम सोडतो, दाणा सोडत नाही.

त्याच कॅफेच्या भिंतीवर २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमधल्या ड्रेसाज सुवर्णाचं मोठ्ठं पोस्टर आहे. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग, सुदीप्ती हजेला. अभिमान वाटायलाच हवा. ही चौघं तयारीला युरोपात होती, हे तेवढं पोस्टरवर नाही.

नवा तळ पुढच्या वर्षी करा, हवं तर. पण ट्रॅक्टरमागे फळी बांधून कठड्यालगतून उडालेली वाळू रोज जागेवर ओढायला आणि पाणी मारायला कुठला कोट्यवधींचा निधी लागतो? फीच्या पावतीवर ‘एरिना मेंटेनन्स’ म्हणून वेगळी रक्कम छापता ना, मग ती फळी किती वाजता फिरते तेही त्याच पावतीवर छापा. मी पट्टी घेऊन येतो.