दहा महिन्यांचा गुडघा

नातवंडांच्या तोंडी ज्या फुटबॉलपटूंची नावे असतात, त्यांपैकी एक म्हणजे फ्लोरियन विर्ट्झ. त्याच्या खेळातील करामती नातवंडांनी सांगाव्यात. या सदराला रस आहे तो त्याच्या डाव्या गुडघ्यात.

जर्मनीतील कोलोन शहरालगत पुल्हाइम येथे ३ मे २००३ रोजी जन्मलेला विर्ट्झ हा दहा भावंडांतील शेंडेफळ. कोलोनच्या क्लबात तो लहानाचा मोठा झाला आणि जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या बायर लेव्हरकुझेनकडे गेला. (ॲस्पिरिनवाली बायर कंपनी ती हीच, तिच्या कामगारांनी १९०४ मध्ये हा क्लब स्थापला.) त्याच वर्षी मे महिन्यात, करोनामुळे प्रेक्षकांवाचून ओस पडलेल्या मैदानात तो ब्रेमेनविरुद्ध पहिला सामना खेळला. वय १७ वर्षे १५ दिवस. तीन आठवड्यांच्या आत त्याने बायर्न म्युनिकविरुद्ध गोल केला आणि बुंडेसलिगा या तेथील प्रमुख स्पर्धेत तोवरचा सर्वांत लहान गोलकर्ता ठरला.

१३ मार्च २०२२ रोजी, ज्या क्लबाने त्याला घडवले त्या कोलोनविरुद्धच खेळताना, त्याच्या डाव्या गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटला. कतारचा विश्वचषक अवघ्या आठ महिन्यांवर होता.

ही दुखापत मोठी फसवी. शस्त्रक्रियेत तुटलेल्या बंधाच्या जागी बहुधा रुग्णाच्याच शरीरातील कंडरेचा तुकडा बसवतात. तो तेथे रुजावा लागतो. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुने तंतू झिजून नवे विणले जातात. पहिल्या काही महिन्यांत हा तुकडा बसवला त्या दिवसापेक्षाही नाजूक असतो, आणि नेमकी त्याच सुमारास सूज उतरलेली, वेदना शमलेली असते. रुग्णाला वाटते, झालो बरा! नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका अधिक असतो, असे अभ्यासांतून दिसले आहे.

जर्मनीचा संघ विर्ट्झविना कतारला गेला आणि साखळीतच बाद झाला. तो परतला २२ जानेवारी २०२३ रोजी, दहा महिन्यांनी, तोही बदली खेळाडू म्हणून. पुढे १४ एप्रिल २०२४ रोजी, पुन्हा ब्रेमेनविरुद्धच, मध्यंतरानंतर उतरून त्याने तीन गोल केले. लेव्हरकुझेनने त्या दिवशी आपले पहिले बुंडेसलिगा विजेतेपद मिळवले.

आपल्या घरातील आजी-आजोबांची गुडघेबदल शस्त्रक्रिया ही निराळी गोष्ट. तेथे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. अंथरुणावर पडून राहणे अपायकारकच. पण फसगत मात्र तशीच होते. टाके निघाले, दुखणे कमी झाले की घरच्यांचे लक्ष उडते आणि व्यायाम सुटतो. मांडीच्या स्नायूची गेलेली ताकद भरून यायला मात्र कित्येक महिने लागतात. शुश्रूषा करणाऱ्याची खरी गरज, माझ्या मते, पहिल्या पंधरवड्यापेक्षा या कंटाळवाण्या काळात अधिक असते. काठी कधी सोडावी, हे केवळ दुखणे थांबले यावरून ठरवू नये. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावर, जवळ कोणी उभे असताना, हातांचा आधार न घेता खुर्चीतून किती वेळा उठता येते ते दर रविवारी मोजावे, वहीत तारखेसह लिहावे आणि पुढच्या तपासणीला ती वही बरोबर न्यावी.