एक गवत, दोन तेले

सातपुड्याच्या उतारांवर, खानदेशापासून निमाड-बैतुलपर्यंत, रोशा गवत रानोमाळ उगवते. आपल्याकडे त्याला तिखाडी असेही म्हणतात. त्याचे मोतिया व सोफिया असे दोन प्रकार आहेत. ते शेजारी शेजारी ठेवले तरी नवख्या माणसास भेद दिसत नाही. वनस्पतिशास्त्रही दोहोंस एकाच जातीत गणते. मात्र भट्टीतून तेल उतरले की अंतर तत्काळ कळते.

मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल हा घटक साधारणतः ७५ ते ९० टक्के असतो. हाच घटक गुलाबाच्या तेलातही असल्यामुळे त्याचा गंध गुलाबाकडे झुकतो. बाजारात हे तेल पामरोजा म्हणून विकले जाते. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल पुष्कळ कमी असते आणि पेरिलिल अल्कोहोल, कार्व्होन यांसारख्या घटकांमुळे वास उग्र असतो. त्यास भावही उतरता मिळतो. मोतियास पाण्याचा निचरा होणारे कोरडे उतार मानवतात, तर सोफियास सखल व दमट जागा. तथापि हा भेद केवळ जमिनीचा नव्हे, तो बियाण्यातून पुढे चालत येतो. कापणीचा काळही महत्त्वाचा आहे. कोवळ्या फुलोऱ्यात जिरॅनिल ॲसिटेट अधिक असते. फुलोरा पक्व होताना त्याचे जिरॅनिऑल होत जाते.

या तेलाचा इतिहास व्यापाऱ्याने जाणून घ्यावा असा आहे. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तेथे ते ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणून ओळखले जाई. ते तुर्कस्तानचे नव्हते आणि जिरॅनियमचेही नव्हते! पुढे बल्गेरियाच्या गुलाबतेलात त्याची भेसळ होई. कधी तर गुलाबपाकळ्यांवरच ते शिंपडून मग अर्क काढीत. स्वच्छ आणि उपयुक्त माल खोट्या नावामुळे बदनाम झाला.

आजही रानातून गवत कापून तेल काढणाऱ्याच्या डब्यात जिरॅनिऑल कमी भरले, की पहिला संशय त्याच्या सचोटीवर येतो. वास्तविक त्याची कारणे अनेक संभवतात. कापणीत सोफिया मिसळला गेला असेल, गवत कोवळे कापले असेल, अथवा कोणी घासलेट वा टर्पेंटाइन घातले असेल. यांतील शेवटचीच गोष्ट लबाडी होय. शुद्ध पामरोजा तेल ७० टक्के अल्कोहोलाच्या सुमारे तिप्पट मापात विरघळते. घासलेट असल्यास मिश्रण गढुळते. घटकांचे नेमके प्रमाण गॅस क्रोमॅटोग्राफीने कळते.

म्हणून खरेदी करणाऱ्याने प्रत्येक डब्यावर डोंगराचे नाव व कापणीची तारीख लिहून घ्यावी, निरनिराळ्या ठिकाणचा माल एकत्र ओतू नये, आणि भाव तपासणीनंतरच ठरवावा. सोफिया निघाल्यास तो सोफियाच्या नावाने व सोफियाच्या भावाने विकावा. निसर्गातील फरकास भेसळ म्हणून गरिबाचा दाम कापणे हाही अन्यायच, आणि भेसळीस निसर्गाचा फरक म्हणून ग्राहकाच्या गळ्यात मारणे हाही. पेढीची पत या दोन्हींपासून जपावी लागते.