दापोडीची बाग आणि मानपाड्याचा डोंगर

मानपाड्याहून घोडबंदर रस्त्याने जाताना नव्या गृहसंकुलांचे फलक नजरेस पडतात. विलायती उमरावाच्या हवेलीला शोभेल असे नाव, गालिच्यासारखी हिरवळ, कातरलेली झुडपे. फलकांच्या मागे येऊरचा डोंगर असतो, पण त्याचे नाव कोठेच नसते. बाग ही साहेबाची देणगी आणि रान आपोआप उगवलेले, ही समजूत केवळ बिल्डरांची नाही. पुण्यातील जुन्या गव्हर्नर-निवासांची छायाचित्रे मिरवणारे कित्येक इतिहासप्रेमी तीच समजूत कौतुकाने पुढे पाठवीत असतात.

वस्तुतः नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात नळाने पाणी खेळवले, हिराबाग उभी केली; शनिवारवाड्यात हजारी कारंजे उडत होते. परंतु ‘बागा आमच्याही होत्या’ हे उत्तर तोकडे आहे. साहेबाची बाग नेमके कोणते काम करीत होती, हे विचारले पाहिजे. त्यासाठी दापोडीला जावे लागते.

मुळा-पवनेच्या संगमाजवळील दापोडीचा बंगला मुळात कॅप्टन फोर्डचा. हा फोर्ड दुसऱ्या बाजीरावाच्या पैशावर पोसलेल्या कवायती पलटणींचा सेनानी होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई जुंपली, तेव्हा याच पलटणी दापोडीहून निघून इंग्रजांना मिळाल्या आणि ज्याचे वेतन खात होत्या त्याच्यावरच त्यांनी तोफा डागल्या. फोर्डचा स्नेही मोरोपंत दीक्षित पेशव्यांच्या बाजूने लढताना पडला; तो फोर्डच्याच पलटणीच्या तोफेने मारला गेला, असे ग्रँट डफ नोंदवतो. बंगल्याच्या कमानींचे कौतुक करणाऱ्यांना हा प्रसंग बहुधा ठाऊक नसतो.

पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८च्या सुमारास हा बंगला सरकारसाठी घेतला आणि त्याच्या आवारात वनस्पतिबाग सुरू केली. १८३८ पासून तिची सूत्रे डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याकडे होती. जुन्नरजवळ हिवरे येथेही त्याने बाग चालवली. फुलांच्या ताटव्यांपेक्षा येथे हिशेबाला अधिक महत्त्व होते. लष्करी दवाखान्यांना औषधी वनस्पती पुरवाव्यात, परदेशी पिकांचे नमुने लावून पाहावेत, जे पैसा देईल त्याचे बी वाटावे, असा तो कारभार. त्याला उद्यान म्हणण्यापेक्षा कंपनी सरकारचे कोठार म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

याच बागेतील वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे गिब्सनने १८४७ ते १८५० या काळात काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत आणि अभ्यासक त्यांना ‘दापुरी चित्रे’ म्हणतात. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच त्याच्याविषयी सांगितले जाते. झाडांना शास्त्रीय नावे मिळाली, चित्रे काढवून घेणाऱ्याला कीर्ती मिळाली. ज्याच्या हाताने पाकळीन् पाकळी रेखली तो निनावी राहिला. रोज पाणी घालणाऱ्या माळ्यांची तर गोष्टच नको.

१८४७ साली हाच गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक नेमला गेला. बागेच्या कुंपणाआड चाललेली नजर आता सबंध डोंगरांवर फिरू लागली. त्याची चिंता खोटी नव्हती. झाडे तुटली की झरे आटतात, हे त्याने कोकणात पाहिले होते आणि सरकारला बजावलेही होते. मात्र सरकारला झऱ्यांइतकाच, किंबहुना अधिक, जहाजांसाठी लागणारा साग प्रिय होता. आणि निर्बंधांचा वरवंटा फिरला तो डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्यांवर. उत्तर कोकणात ठाकूर-कातकऱ्यांची ही शेती दळी या नावाने ओळखली जाई.

ठाणे जिल्ह्यात याची झळ भातशेतीलाही लागली. पावसाआधी फांद्या, पाला, शेण पसरून जाळायचे आणि त्या भाजलेल्या जमिनीत भाताचे रोप करायचे, ही राबाची रीत. त्यासाठी झाडांची फांदी तोडावी लागे. १८७८चा वन कायदा आला, राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि पिढ्यान्पिढ्यांची ही रीत गुन्ह्याच्या जवळ जाऊन बसली. ओरड एवढी वाढली की १८८५ साली सरकारला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांसाठी वनआयोग नेमावा लागला.

गव्हर्नर मात्र तोवर दापोडी सोडून गणेशखिंडीच्या नव्या प्रासादात गेले होते. बार्टल फ्रिअरने आरंभलेल्या त्या बांधकामाच्या उधळपट्टीवर खुद्द विलायतेच्या संसदेत टीका झाली होती. तेथेही १८७३ साली बाग लावली गेली. राबासाठी फांदी तोडणाऱ्याला दंड आणि साहेबाच्या हिरवळीला सरकारी पाणी, असा तो न्याय होता.

गणेशखिंडीची झाडे आज जतन व्हावीत, यात शंका नाही. ती तोडू पाहणाऱ्यांशी भांडणही करावे. पण तेथील वडाखाली उभे राहून ‘इंग्रजांनी आपल्याला निसर्ग जपायला शिकवले’ असे लिहिणाऱ्याने येऊरच्या पाड्यांवर जाऊन तेच वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. फार दूर नाही; मानपाड्याहून डोंगर दिसतोच.